एका दमाचे उंदीर

श्रावण वद्य ११, संग्रामपूर

खामगावच्या लसवाल्या डॉक्टरसाहेबांकडून सामान पोचले. पांढरे उंदीर दोन डझन, लोखंडी पिंजरे दोन, फिनेलची बाटली. गाडीभाडे चार रुपये, हमाली आठ आणे, डॉक्टरसाहेब देणार. घर हवेशीर, विहीर दारातच. नव्या सर्दीतापावरची लस उंदरांवर करून बघायची आहे. निम्म्यांना लसीची एकच टोचणी. निम्म्यांना वरून दुसरी, त्यांच्या शेपटीला निळी शाई. मग सगळ्यांना सर्दी लावायची. टिपणे यजमान ठेवतील, दाणापाणी माझ्याकडे. देवाची कृपा.

भाद्रपद शुद्ध ४

निळ्या शेपटीचे टुणटुणीत, बिनशाईचे शिंकतात. गणपतीचे वाहन म्हणून आज सगळ्यांना कुंकू लावले. पूजा मध्येच मोडू नये, म्हणून हात न धुता तसाच ह्यांना मोदक दिला. भांडीवाली गोजरबाई हसली. म्हणाली, उंदराले कुकू झालं, आता मांजरीले हळदीकुंकवाले बोलवा बाई.

शुद्ध ७

ह्यांना सणकून ताप. माझ्याच न धुतलेल्या हातून रोग मोदकात गेला. आजारी उंदीर सगळे एकदम श्वास घेतात, एकदम सोडतात. निळ्यांचा मात्र ज्याचा त्याचा. गोजरबाईला दाखवले. बराच वेळ बघून म्हणाली, बाई, साहेबाची छातीबी तशीच हालून राह्यली.

शुद्ध ९

एक उंदीर मेला. त्याच क्षणी ह्यांचा श्वास अडकला. मग लागला, पण आधीपेक्षा आखूड. संध्याकाळी आणखी दोन; दोन्ही वेळा तसेच. गोजरबाई आता उंबरा ओलांडत नाही.

शुद्ध १०

डॉक्टरसाहेबांचे कार्ड: आजारी उंदीर मारून जाळा. त्यांचा शिपाई सहदेव क्लोरोफॉर्म घेऊन आला. मी पिंजऱ्यापुढे बसले, म्हटले आधी मला हुंगव. तो म्हणाला, उंदरापायी काऊन अडून राह्यल्या बाई. घालवून दिला, कडी घातली. कोमट दूध-साखर पाजते. जगवणार.

शुद्ध ११

आजाऱ्यांतले चारच उरले. उपास. स्तोत्र मोठ्याने म्हणते — थांबले की माझाही श्वास त्यांच्यात मिसळतो. मिसळू देणार नाही.

शुद्ध १२

एकच. पदरात धरला आहे. ह्यांची छाती त्याच्याबरोबर —

डॉक्टरसाहेब, पोस्टमन फकीर मोहम्मद दाराशी थांबले आहेत, हेच पान फाडून देते. निळ्या शेपटीचा एकही शिंकला नाही. तुमची लस खरी. ती ह्यांना टोचा, मलाही. कामावरून काढायचे तर काढा, पण हा उंदीर मागू नका — देणार नाही. लस कधी निघते ते उलट टपाली कळवा. उंदराने पाय ताणले — नाही, श्वास घेतो आहे, अजून घेतो — उलट टपाली —