गंगूबाईचा उजवा हात

लोणावळा, श्रावण वद्य तृतीया, १९३४

आज कारखान्यात औंढ्याच्या गंगूबाईच्या हातून साबणाची वडी निसटली, ती झेलायला पदराआडचा उजवा हात पुढे आला. साबणात घालायच्या कॉस्टिक सोड्याने कातडी सोलून निघालेली! चार दिवस ती डाव्या हाताने काम करत होती आणि मी रोज समोरून जात होतो.

"बाई, सांगितलं का नाही?"

"मालक, तुमीच म्हंता, कारखाना म्हंजे आपलं घर. घरच्या मानसानं तक्रार करावी व्हय?"

माझंच वाक्य. दसऱ्याला किती अभिमानाने बोललो होतो! तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. डॉक्टरांकडे मीच नेलं. बोटं वाचतील म्हणाले. उद्या सगळ्यांना सांगणार, हे घर नाही, कारखाना आहे. इथे दुखलं की ओरडायचं.