जरा अ‍ॅडजस्ट करा की

गारगोटी,
३० जून २०२५

ती. आप्पांस,
क्रांतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथं सगळं ठीक आहे. तुमचा फोन आला की तो स्पीकरवर ठेवायची या घरात पद्धत आहे आणि सासूबाई शेजारी बसून ऐकतात. त्यामुळं आपलं बोलणं जेवलीस का, जेवले, याच्या पुढं जातच नाही. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत बसून लिहितेय. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. पाकिटावर सौ. संयोगिता लिहा, लग्नात ठेवलेलं. क्रांती म्हणून इथं मला कुणी ओळखत नाही.

आठवीच्या पोरांना इंग्रजीचा एक शब्द देऊन वाक्यं करायला सांगितली होती. शब्द होता अ‍ॅडजस्ट. मला वाटलं, अवघड जाईल. कसलं काय! एकानं एसटीतली सीट लिहिली, दोघांच्या जागेवर तिघं. एकानं पत्र्यावरची टीव्हीची छत्री फिरवली. एकीनं ताईचा ब्लाऊज दोन टाके उसवून स्वतःला बसवला. एकानं तर शाळेचं घड्याळ मागं-पुढं कोण करतं तेच लिहून टाकलं. हसू यायला पाहिजे होतं. एका मुलीनं मात्र एवढंच लिहिलं होतं की माझी आई अ‍ॅडजस्ट करते. काय करते, कशासाठी, पुढं काही नाही. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली.

आईच्या पाठीला मालीश चालू आहे ना? तुमचा गुडघा कसा आहे? माझं ठीक आहे. काळजी नको.

आहे तेवढी माया राहू द्या.
तुमची,
क्रांती


कोल्हापूर,
५ जुलै २०२५

चि. सौ. क्रांतीस,
आप्पा आकाराम याचे अ. उ. आशीर्वाद. 

पत्र पावलं. मास्तरीण झालीस तरी माझं र्‍हस्व-दीर्घ काढत बसू नको, ग्रीसच्या हातानं लिवतोय. पाकिटावर संयोगिता लिवताना पेन अडला बघ. पोस्टातल्या बाईनं विचारलं, या कोण लागतात तुमच्या? म्हटलं, पोरगीच की!

अ‍ॅडजस्टचं म्हणशील तर गॅरेजात दिवसभर दुसरा शब्द न्हाय. चेन अ‍ॅडजस्ट, ब्रेक अ‍ॅडजस्ट, क्लच अ‍ॅडजस्ट. बिल हातात दिलं की गिऱ्हाईक लाडात येऊन म्हणतंय, मालक, जरा अ‍ॅडजस्ट करा की. पावणं जास्त आलं की तुझी आई तांबड्या रश्श्यात तांब्याभर पाणी वततीया, ती बी अ‍ॅडजस्टमेंटच. हे तिला वाचून दाखवलं तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, पोरीला लिवा, सासरी थोडंफार करून घ्यावंच लागतं, मी न्हाय का तुमच्या आईसंगं केलं.

पर एक इचारतो. एवढ्याशा पत्रात सारखं ठीक हाय, ठीक हाय काय लिवलंयस? बारकी असताना अंगात ताप असला की तू असंच म्हणायचीस. आणि गेल्या पंचमीला का आली न्हाईस? मी फोनवर म्हटलोतो, एसटी धर आणि ये, तू काय पावणी हाईस व्हय! तुला भाऊ न्हाय, आम्ही न्यायला मुराळी कुठला धाडणार? आणि स्कूटर चालवणाऱ्या मास्तरणीला माहेरी यायला माणूस कशाला लागतोय? आईनं चिंचेला झोका बांधलाता. चार दिवस कुणी सोडला न्हाय. मी बी मनात धरलं की पोरगी सासरी रमली, बापाला विसरली. खरं काय ते लिव.

लोभ हाय तसाच हाय, त्यात काटछाट न्हाय.
आप्पा


गारगोटी,
११ जुलै २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. वाचून आईला लगेच सांगू नका.

गेल्या पंचमीला मी बॅग भरली होती. सासूबाई म्हणाल्या की आमच्यात मुराळ्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही, तुझा बाप येत नसेल तर त्यालाच तू नको असशील. तुम्ही एसटीनं ये म्हणालेला फोनही त्यांनी ऐकला होताच. तुम्ही घरच्यासारखं मायेनं बोलला होतात आप्पा, ते मला कळत होतं. पण या घरात तोच पुरावा झाला. तेव्हापासून काही झालं की तेच ऐकवतात, की मागं कुणी नसलेल्या पोरीनं जरा अ‍ॅडजस्ट करावं.

मग मी करत गेले. चहा बिनसाखरेचा प्यायला लागले, कारण सासूबाईंना साखर आहे म्हणून घरात कुणालाच साखर नाही. मे महिन्यात धाकट्या दिरांचं लग्न झालं तेव्हा आमची खोली त्यांना दिली, नवीन जोडपं म्हणून. आता मी स्वयंपाकघरात झोपते आणि हे त्यांच्या दुकानात. हे म्हणजे पृथ्वीराज काही वाईट नाहीत. ओरडत नाहीत, हात उचलत नाहीत. माझ्याकडं बघतच नाहीत, एवढंच.

मला दिवस गेले होते. मार्चमध्ये, तिसऱ्या महिन्यात, गेलं सगळं. तुम्हाला कळवायचं नाही असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, कितीजणींचं होतं असं, पुढच्या वेळेला होईल. हे म्हणाले, पेपर तपासायचे आहेत ना, शाळेत जा, मन रमेल. मी गेले. त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता. जेवलीस का विचारलंत, मी जेवले म्हटलं.

मला वाईट वाटतंय असं समजू नका. मला काहीच वाटत नाही, हीच अडचण आहे. परवा तव्याला मनगट टेकलं, ते करपल्याचा वास आल्यावर कळलं. वर्गात पोरं हसली की मी पण तोंड तसं करते. त्या मुलीच्या वहीवर मी बरोबरची खूण का केली, ते मला अजून सांगता येत नाही.

पंचमी एकोणतीसला आहे. तुम्ही गॅरेज टाकून यावं असं मी म्हणत नाही. जमलं नाही तरी चालेल, सवय आहे.

तुमची,
क्रांती


कोल्हापूर,
१६ जुलै २०२५

चि. क्रांतीस आशीर्वाद.

'सौ.' मुद्दाम गाळलंय. राग आलाय मला.

आईला सांगू नको म्हणालीस, पर माझं तोंड बघून तिनंच पत्र हिसकून घेतलं. वाचून झाल्यावर उठली आणि वरच्या खोलीतलं शिलाई मशीन एकटीनं ओढत जिन्यातून खाली आणलं. म्हटलं, अगं पाठ! तर म्हणाली, ती खोली पोरीची हाय, तिथं माझा पसारा कशाला.

माझं चुकलं कुठं ते कळलं. मला वाटलं, लेकीला रीतभात लावली तर ती परकी होती. मी मोठा शहाणा, नव्या जमान्याचा! मी रीत सोडली, त्यांनी धरून ठेवली, आणि मधल्यामधी तू कोंडलीस. ते पोर गेलं तेव्हा मी तुला जेवलीस का म्हणून इचारलं. थू माझ्या जिंदगीवर.

अठ्ठावीसला सकाळी येतो. फेटा बांधून येतो, लाह्यांची दुरडी घेऊन येतो, इहिणीला लुगडं घेऊन येतो. भाऊ नसला तर नसला, बाप मुराळी हाय तुझा. कपडे किती घ्यायचे ते तुझं तू ठरव. शाळेची सर्टिफिकिटं घे म्हंजे झालं.

आप्पा


कोल्हापूर, माडीवरून
३० जुलै २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही खाली गॅरेजात आहात आणि मी वर. तोंडानं बोलायला गेले की नुसतं बरं आहे एवढंच बाहेर पडतं, म्हणून लिहून जिन्यावर ठेवतेय. पाकिटावर नाव घातलेलं नाही. दुसरं कोण लिहिणार आहे तुम्हाला!

तुम्ही फेटा बांधून दारात उभे राहिलात तेव्हा मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. झाला नाही. दुरडी कुठं ठेवायची, एवढंच डोक्यात आलं. सासूबाईंनी परत कधी धाडणार विचारलं, गौरी-गणपतीला सून घरात लागते म्हणाल्या. त्यावर तुम्ही हात जोडून म्हणालात की इहिणबाई, रीत तुमचीच हाय, न्यायला माणूस लागतंय, तर आता जावयांनी यावं, आणि तवा बी पोरगी व्हय म्हणाली तरच. हे दारात उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

मग एसटी. मुदाळ तिट्ट्याला ती गठुडंवाली बाई चढली आणि आपल्याला म्हणाली, पावणं, जरा अ‍ॅडजस्ट करा की. ती काही वावगं बोलली नव्हती. आणि मी आपोआप खिडकीला चिकटले, गुडघे जवळ घेतले, पिशवी मांडीवर ओढली. तुम्ही बघत होतात. तुम्ही उठून उभे राहिलात आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालात की बाई, माझ्या जागेवर बसा, पर हिला सरकवू नका, लई सरकलीया. फेटा टपाला लागत होता, गुडघ्याचा त्रास, तरी कोल्हापूरपर्यंत बसला नाहीत. कंडक्टर हसत होता. मी पिशवी खाली ठेवली, पाय लांब केले, आणि मला रडू फुटलं. त्या बाईनं विचारलं, कोण गेलं का ग लेकी? मी व्हय म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं काही न विचारता आपला पदर माझ्या हातात दिला. तुम्ही दुसरीकडं बघत होतात.

पुढचं काय ते अजून माहीत नाही. इथल्या शाळेत चौकशी करेन. कधी अर्धा दिवस बरा जातो, कधी परत सगळं बधिर होतं. तुम्ही विचारू नका, मीच सांगेन.

आज संध्याकाळचा चहा मी करणार नाही. तुम्ही करा आणि वर आणून द्या. दोन चमचे साखर घाला.

माझ्यावर आहे तेवढा जीव असू द्या.
तुमची,
क्रांती