कानपिळीचा भाऊ

२ फेब्रुवारी
विमानाचं तिकीट काढलं — मुंबई ते सोलापूर, लग्नादिवशी सकाळचं. नाव अनीश. पुरुष. देवयानी-बिवयानी मला सांगायचं नाही! मी पोरगा जन्माला घातला, बारसं मी केलं. लेकीच्या, इंद्रायणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ लागतो. तिथं साडीतला भाऊ उभा करू की काय? व्याही तोंडात शेण घालतील.

हॉल होटगी रोडला. विमानतळापासून हाकेच्या अंतरावर.

४ फेब्रुवारी
त्याचा फोन. आधारवर आता देवयानी आहे, स्त्री आहे, तिकीट बदलून दे म्हणतो. साफ नाही म्हटलं. जुनं लायसन्स आहे की तुझ्याकडं, त्यावर अनीशच आहे. ते दाखवून ये, नाहीतर येऊच नको.

शेवटी म्हणाला, "येते, आई."

येते म्हणे! हट्ट काही सुटत नाही. हे म्हणाले, जरा सबुरीनं घे. यांनी आयुष्यभर सबुरीच केली, म्हणून तर पोर हाताबाहेर गेलं.

७ फेब्रुवारी
त्याच्यासाठी फेटा आणि झब्बा आणला. माप अंदाजानं. येईल गुमान.

९ फेब्रुवारी
लग्न लागलं. तो आला नाही! सकाळी त्याचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. ऐन गडबडीत कारणं कोण ऐकणार?

कानपिळीला गुरुजींनी माइकवर विचारलं, वधूचे बंधू कुठायत? सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. अंगाची लाही लाही झाली. माइक हातात घेतला आणि म्हटलं, "मेला तो आमच्यापुरता. पुढचं चालू द्या."

चुलतभाऊ नंदीशनं कान पिळला. इंद्रायणी लई रडली. रडू दे. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

११ फेब्रुवारी
इंद्रायणीचा सासरहून फोन. लायसन्सवरच्या फोटोसारखं दिसावं म्हणून देवयानीनं केस कापले होते. शर्टपँट घालून मुंबईच्या विमानतळावर गेली. तरी चेहरा जुळेना, आत सोडलं नाही. मग तिथंच बाहेर बाकावर बसून मोबाइलवर लग्न बघत होती. लांबच्या पाहुण्यांसाठी आपण थेट प्रक्षेपण लावलं होतं ना, ते.

माझा आवाज स्वच्छ येत होता म्हणे.