ह्याला झीलकरी नाय

बाबा, आज दुपारी जेवण उरकल्यावर मी तुमच्या त्या कॅसेटमधला माणूस ऐकत बसले होते. आपण त्याला नुसतं 'हा' म्हणायचो, कारण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. न्हावा-शेव्याला तुमच्या ऑफिसात कुठल्याशा परदेशी जहाजावरचा खलाशी ती कॅसेट विसरून गेला. ती बरेच दिवस टेबलावर पडून राहिली आणि शेवटी साहेब तुम्हाला म्हणाले, घेऊन जा, तुम्ही गाण्यातले. गाण्यातले! करंजाच्या भजनी मंडळात दुसऱ्या रांगेत बसून झील धरणारा माणूस साहेबांच्या लेखी गाण्यातला झाला. पण तुम्ही काय खूश होऊन घरी आलात! कॅसेटला कव्हर नव्हतं, वरची अक्षरं घामानं पुसून गेलेली. आता नाव कळलंय. आपला जुना टेप चालत होता तेव्हा तुमच्या नातीनं एकदा त्याच्यासमोर मोबाइल धरला, आणि मोबाइलनं त्या माणसाचं नाव, गाव, फोटो सगळं काढून दाखवलं. मी ते इथं लिहीत नाही. तुम्हाला ते धड उच्चारता आलं नसतं, आणि मला तो 'हा' म्हणूनच बरा वाटतो.

पहिल्यांदा लावली तो रविवार मला लख्ख आठवतो. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पनवेलच्या लाईन आळीतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत घर इतकं गप्प असायचं की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच वाटायच्या. तुम्ही ओट्याशी बोंबील साफ करताय, मी परीक्षेचं पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसलेय, आणि टेपमधून एक माणूस गिटार वाजवत गायला लागतो. बस, तेवढंच. ढोलकी नाही, पेटी नाही, टाळ नाही. मधूनच पाय आपटतो तो लाकडावर, खुर्ची कुरकुरते, तारेवरून काचेचं काहीतरी घसरवतो तेव्हा तार माणसासारखी कण्हते. श्वास घेतला तरी ऐकू येतो. तुम्ही हात थांबवून ऐकलंत आणि एकदम म्हणालात, "ह्याला झीलकरी नाय?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या हिशेबी गाणं म्हणजे पुढे बुवा ओळ म्हणणार आणि मागचे सगळे ती उचलून परत म्हणणार, ती झील. झीलच नसेल तर बुवा एकटा पडला. "बाय, ही अर्धीच कॅसेट हाय," तुम्ही ठरवून टाकलंत, "साथीची दुसरी असंल, ती ऱ्हायली जहाजावर." आणि संध्याकाळी खरोखर मला घेऊन बाजारातल्या कॅसेटच्या दुकानात गेलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही गल्ल्यावरच्या माणसाला विचारताय, "ह्याच्या साथीची कॅसेट वेगळी मिलते काय?" त्यानं ती लावून ऐकली आणि म्हणाला, "काका, ये ऐसाच है. ह्यात साथ नसते. एकच माणूस असतो."

"मग बाकीचे कुठं गेले?"

"बाकीचे नव्हतेच हो काका!"

परत येताना तुम्ही तळ्याकाठी थांबलात. म्हणालात, हा कपडे न घालता घराबाहेर पडल्यासारखा गातो. मी म्हटलं, बाबा, काय बोलता! पण तुमचं आपलं चालूच. "आमी आठ जन बसतो मागं. एकाचा दम गेला तर कोनाला कलत नाय, बाकीचे ओढून नेतात. ह्याचा दम गेला का लगेच कलतं. लपायला जागाच नाय त्याला." त्यात हेटाळणी नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, नाही आवडलं तुम्हाला, कॅसेट आता कपाटावर जाणार.

कुठली कपाटावर! दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ऑफिसातून आलात की पाय धुवायच्या आधी टेपचं बटण. मला कंटाळा यायचा, खरंच सांगते. माझ्या मैत्रिणींच्या घरी सिनेमाची गाणी, आणि आमच्याकडे हे रडगाणं. मग एक दिवस तुम्हीच मला समजावून सांगितलंत, भाकरी थापता थापता. "ऐक. तो ओल बोलतो, मग गप बसतो. गप बसला का गिटार बोलते. तीच ओल बोलते, पन तारंवर. म्हंजे झील हाय! सोताच बुवा, सोताच झीलकरी." आणि मग तुम्ही ते सुरू केलंत, ज्यावरून मी तुम्हाला इतकी चिडवायचे. तो गप्प झाला की तुम्ही त्या जागेत आपला आवाज घालायचात. शब्द येत नव्हतेच, नुसताच 'हो जी' आणि हुंकार, पण बरोब्बर जागेवर. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, बाबांकडे कोण पाहुणे आलेत का गं गायला.

एकदा तुम्ही विचारलंत, हा काय बोलतो ते सांग, तू इंग्लिशवाली. इंग्लिशवाली डोंबलाची! त्याचे उच्चार मला कुठे कळत होते. कान टेपला लावून दोन-चार शब्द हाती लागले तेवढ्यावर म्हटलं, बायको सोडून गेलीय बहुतेक. तुम्ही विचारलंत, "सोडून का मेली?" मी म्हटलं, ते नाही कळत. तुम्ही पिठाचे हात झटकलेत. मग म्हणालात, "एकच." आणि भाकरी उलटवलीत.

करंजाहून बुवा स्वतः आले होते तुम्हाला बोलवायला, आठवतं? बरोबर आत्या, डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली. बुवा म्हणाले, "चल रं, दुसरी रांग मोकली पडलीय." तुम्ही म्हणालात, आवाज बसलाय. धादांत खोटं, आदल्याच संध्याकाळी तुम्ही घरभर घुमत होतात. ते गेल्यावर मी तुमच्यावर भडकले. माणसं एवढ्या लांबून घरी येतात आणि तुम्ही थापा मारता? तुम्ही कॅसेट उलटी करत म्हणालात, "तिथं गेलो का सगले माज्याकडं बघतात. बाईल मेलेला, बाईल मेलेला. हा बघत नाय." मी आत्यानं ठेवलेले बोंबील डब्यात भरायला लागले. बारावीतली पोर मी.

मग माझी बँकेची नोकरी लागली आणि पहिली नेमणूक थेट लातूरला. आत्यानं आकाशपाताळ एक केलं. "बापसाला एकट्याला टाकून जातंस? कोन बघंल त्याला?" मी मनातून वाट बघत होते की तुम्ही काहीतरी म्हणाल. नको जाऊ म्हणा, किंवा खुशाल जा म्हणा, पण मनापासून म्हणा. तुम्ही ऑर्डरचा कागद चष्मा लावून वाचलात आणि म्हणालात, "जा." तेवढंच. मी सामान भरताना, डबा बांधताना पुन्हा पुन्हा विचारलं, बाबा, तुम्हाला करमेल ना? "करमंल की. न करमायला काय झालं?"

लातूरहून मी खालच्या मेडिकलवाल्याकडे फोन करायचे, तो तुम्हाला हाक मारायचा, तुम्ही धापा टाकत जिना उतरून यायचात. करमतं ना? करमतं की. जेवलात? जेवलो. मग दोघंही गप्प, आणि मीटर पळतोय. मला तुमचा इतका राग यायचा ना बाबा! लांब राहून माणसाचा चेहरा दिसत नाही, निदान आवाजात तरी काही असावं, तर तुमचा आवाज फोनवर इस्त्री केल्यासारखा. तुम्ही बरे आहात की नाही एवढं एकच मला हवं होतं, आणि तेवढंच तुम्ही देत नव्हता.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण होता, कॉलेजात गिटार वाजवलेला. त्याला मी 'ह्या'चं वर्णन करून सांगितलं तर म्हणाला, याला ब्लूज म्हणतात. फोनवर तुम्हाला सांगितलं. "म्हंजे निलं?" हो, त्यांच्यात निळं म्हणजे उदास. "आपल्यात कुठला रंग?" मी म्हटलं, आपल्यात रंग नाही, आपण नुसतं तोंड पाडून बसतो. त्या दिवशी तुम्ही फोनवर हसलात, पहिल्यांदाच. म्हणून मी त्या मित्राला कामाला लावलं, त्यानं मुंबईहून कॅसेट मागवली, त्याच जातीचं गाणं पण पूर्ण ताफा घेऊन. ढोल, तोंडानं वाजवायची पेटी, मागे माणसं. मला वाटलं, बाबांना शेवटी झीलकरी मिळतील.

पहिल्या रजेत घरी आले ती कॅसेट घेऊन. रविवारची सकाळ, तुम्ही माझ्यासाठी जवळा घातलेली आमटी करताय. मी कॅसेट लावली. काय दणक्यात वाजत होती! तुम्ही हात बांधून शेवटपर्यंत ऐकलीत, मान हलवलीत, चांगलं हाय म्हणालात. पण आवाज नाही लावलात एकदाही. थोड्या वेळानं उठून ती काढलीत आणि तुमची जुनी घातलीत. माझं तोंड पडलेलं बघून म्हणालात, "बाय, रागावू नको. तिथं सगली कामं वाटलेली हायत. मी काय करू तिथं?" आणि 'हा' गायला लागला, गप्प झाला, आणि तुम्ही आमटी ढवळत ढवळत त्या जागेत 'हो जी' म्हणालात.

तेव्हा मला कळलं. तो एकटा होता म्हणून तुम्हाला आवडायचा, असं नव्हतं. त्यानं ओळीओळीत एका माणसापुरती जागा ठेवली होती म्हणून आवडत होता. दिवसभरात त्या घरात तुमच्या आवाजाला कुणी जागा देत होतं ते तेवढंच. मी गॅस बंद केला आणि सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला करमत नाही ना? मी बदलीचा अर्ज देते. पनवेल नाही तर उरण, कुठेही." तुम्ही गॅस परत पेटवलात. "अर्ज-बिर्ज काय करू नको. मना करमतं." मी म्हटलं, माझ्याकडे बघून सांगा. तुम्ही बघितलंत की हो माझ्याकडे! डोळ्यांत डोळे घालून म्हणालात, "करमतं." इतकं छान खोटं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी अर्ज दिला नाही.

त्यानंतर चार दिवाळ्या मिळाल्या आपल्याला. मग एका दुपारी मेडिकलवाल्याचाच बँकेत फोन आला. मी पोचले तेव्हा आत्या दारात बसून होती. तिनं नुसतं सरकून मला वाट दिली, ओरडली असती तर बरं झालं असतं.

माझा संसार झाला, लेक झाली, बदल्या झाल्या आणि फिरून फिरून मी नव्या पनवेलात येऊन टेकले. तुमचे जावई गेले त्याला दोन वर्षं झाली. लेक बंगळूरला. आज 'हा' ऐकत होते तो मोबाइलवर. आता तो इतका स्वच्छ ऐकू येतो की बोटांची कातडी तारेला घासल्याचंही कळतं. अजून तसाच उघडा गातो. मला ताफ्याची गाणीही आवडतात बाबा, मी काही तुमच्यासारखी हट्टी नाही. पण ती गाणी मी नसले तरी चालतात. हा ओळ टाकतो आणि थांबतो, तेव्हा खोलीत मी आहे हे त्याला माहीत असल्यासारखं वाटतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मेलेल्या माणसाच्या थांबण्यावर जीव लावून बसते. तुम्ही हसाल.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. रोजचंच. आई, इकडे ये राहायला, नाहीतर मी बदली मागून घेते, तुला करमतं का गं तिथे? आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, न करमायला काय झालं? बोलले आणि माझी मलाच शिसारी आली. ती पलीकडे गप्प राहिली. तशी गप्प मी लातूरला राहायचे, रिसीव्हर धरून, म्हणून मला त्या गप्पपणातलं सगळं कळतं. मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. असालही. पण ती पोर आता रात्रंदिवस माझा आवाज तपासत बसणार, आणि त्यात तिला काही सापडणार नाही. हे काय देणं झालं, बाबा? तुम्ही एकदा 'नाही करमत' म्हणाला असतात तर मी आले असते किंवा आले नसते, पण आपण दोघं मिळून ते म्हटलं तरी असतं.

हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, मला कळतं तेवढं. वाक्य तोंडात बसवायला लिहितेय. मला एकटीला करमत नाही. संध्याकाळी तर मुळीच नाही. चारदा पुसून पाचव्यांदा लिहिलंय हे, आणि उद्या लेकीला फोनवर म्हणायचंय म्हणून आत्तापासून मोठ्यानं वाचून बघतेय.