कॅलिसची बाजू

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार लिहू की आशीर्वाद, हा आपला जुना घोळ. नात्यानं मी मोठी, वयानं तुम्ही. दोन्ही घ्या.

इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांची तब्येत तुम्ही पाहून गेलात तशीच आहे. डाव्या हातानं चमचा धरतात, थोडं सांडतं. उजवा हात मांडीवर ठेवून द्यावा लागतो, आणि ठेवला की तिथंच राहतो. दुकान भाड्यानं घेतलेला मोबाईलवाला बरा माणूस आहे. चष्म्यांची पाटी त्यानं अजून उतरवलेली नाही, त्यामुळे लोक नंबर तपासायला येतात आणि मोबाईलचं कव्हर घेऊन जातात. लेकीचा फोन असतोच. "बाबा आज काय म्हणाले?" हे विचारल्याशिवाय ठेवत नाही. मी काहीतरी सांगते.

फोनवर तुम्हीही "तब्येत कशी?" विचारता आणि माझ्या तोंडून "ठीक" एवढंच निघतं. म्हणून लिहायला बसले.

बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्या चित्रं दाखवतात. कप, कंगवा, छत्री. "काका, हे काय?" हे खिडकीकडे बघतात. बाई म्हणाल्या, ह्यांच्या आवडीचं बोलत जा. मी भिंगांबद्दल बोलले, लेकीच्या लहानपणाबद्दल बोलले, आपण चौघं समुद्रावर गेलो होतो आणि तुमची चप्पल वाहून गेली, तेही सांगितलं. त्यावर मीच हसले.

मग गेल्या आठवड्यात टीव्हीवर एक चर्चा लागली होती. क्रिकेटच्या इतिहासातला सर्वांत मोठा अष्टपैलू कोण? चार जाणकार टेबलाभोवती बसले होते आणि मागे आकडे. एक इम्रानचा, एक बोथमचा. कपिलवाला मोठ्यानं बोलत होता. शेवटी सूत्रधारानं कॅलिसला पहिलं बसवलं. तेरा हजारांवर धावा, तीनशेच्या आसपास बळी, वर झेल. मी कपड्यांच्या घड्या करत होते. सहज म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं. कॅलिसच मोठा. तुमचा डावखुरा सोबर्स काय, नुसता फलंदाज."

"नाही."

भाऊजी, स्पष्ट. झटका आल्यापासूनचा पहिला शब्द. माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

"काय म्हणालात?"

"नाही!" आणि डावा हात वर करून तीन बोटं दाखवली.

मी म्हटलं, "तीन? तीन काय? तिसरी गोळी? ती रात्रीची आहे." तर असे चिडले! पुन्हा तीन बोटं, माझ्या नाकासमोर. मी पाणी आणलं, उशी सरकवली, पंख्याचा आकडा तीनवर केला. मग एकदम आठवलं. दुकानात गिऱ्हाईक नाकावर ती नंबर तपासायची जड चौकट घेऊन बसलेलं, एका डोळ्यापुढे भिंग, दुसऱ्यापुढे झाकण, आणि ह्यांची तीन बोटं तुमच्या तोंडासमोर: "वेगवान टाकायचा, फिरकी टाकायचा, मनगटानंही फिरवायचा! तीन गोलंदाज एका माणसात! तुझ्या कॅलिसनं टाकली का कधी फिरकी?" आणि तुम्ही: "दादा, त्याच्या वेळी समोर कोण होतं ते बघ. आणि इतकी वर्षं टिकून दाखवणं म्हणजे काय खाऊ आहे?" गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "साहेब, मला खालची ओळ दिसत नाहीये." ह्यांचं उत्तर ठरलेलं: "ह्यालाही दिसत नाही, गेली वीस वर्षं!"

मी म्हटलं, "तीन तऱ्हेची गोलंदाजी. सोबर्सची." ह्यांनी हात खाली घेतला आणि मान टेकली. दमले होते, पण चेहरा... तुम्ही पाहायला हवा होता.

मी लेकीला फोन करून सांगितलं. रडले. आनंदानं रडले, असं तिला म्हटलं. ते निम्मं खरं. पहिला शब्द निघाला तो सोबर्ससाठी. मला अजून "अगं" म्हणालेले नाहीत. ओळखतात की नाही, तेही नक्की सांगता येत नाही; आंघोळ घालायला येणाऱ्या बाईंकडे बघतात तसंच माझ्याकडे बघतात. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर सवत निघाली, तीही डावखुरी.

असो.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. म्हटलं, "कपिलनं विश्वचषक उचलला. तुमचा सोबर्स खेळला तरी का विश्वचषक?" ओठ हलले, "नाही" आलं, आणि त्यामागून आणखी काहीतरी येऊ पाहत होतं. पण माझी शिदोरी केवढीशी! पुढच्या दिवशी मी वेगवान हॅडलीला फिरकी टाकायला लावली. ह्यांनी डोळे मिटले. नापास झालेल्या पोराचा बाप मिटतो तसे. आता मी काहीही बोलले तरी गप्प असतात. त्यांना कळलंय, मी मुद्दाम बोलते. ज्याला खरोखर तसं वाटतं त्याच्याशीच हे भांडतात.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. रागावू नका.

मागच्या खेपेला तुम्ही ह्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलात आणि हात हातात घेऊन म्हणालात, "दादा, तुझंच खरं. सोबर्सच मोठा." मी दारात होते. तुम्ही मायेनं बोललात, हे मला ठाऊक आहे. पण ह्यांनी तुमच्याकडे पाहिलं, आणि मग तोंड भिंतीकडे केलं. तुम्ही गेल्यावर संध्याकाळी चमच्यासाठी तोंड उघडेनात. मला वाटलं, दमले. आज कळतंय. ज्यानं जन्मभर एक धावही दिली नाही, त्यानं अख्खा सामना देऊन टाकला. माणूस असं कधी देतो, ते त्यांना समजलं.

तेव्हा या, आणि शब्द मागे घ्या. म्हणा, "दादा, त्या दिवशी मी थापा मारल्या. कॅलिसच." आकडे पाठ करून या. ते चिडतील. लाळ गळेल, शब्द अर्ध्यात अडकेल, तो तुम्ही पुरा करू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. तुमच्या आलं तर नाक शिंकरा आणि पुन्हा सरासरी काढा. हार मानायची नाही. निघताना तर मुळीच नाही.

मी आत ओट्याशी असेन. मध्ये पडणार नाही. ह्या घरात मी बोलते, मीच उत्तर देते, आणि मग भांडं जरा जोरात ठेवते, आवाज व्हावा म्हणून. कुणीतरी कुणालातरी "तुला काडीचं कळत नाही" म्हणताना ऐकायचं आहे.

दादांसाठी या, असं लिहिणार होते. माझ्यासाठी या.

तुमची
वहिनी