शेजारच्या खोलीतली डॉक्टर

४ जून
शेजारच्या खोलीतल्या ज्युनिअर डॉक्टरच्या आणखी एका पेशंटने तंबाखू सोडली. फुलं घेऊन आला होता. तिच्यासाठी! मला आनंदच झाला. मला फुलांची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून तेवढी उचलायला लावली. क्लिनिक माझं आहे. मी कशाला जळू?

५ जून
संकल्प: तिच्यापेक्षा जास्त लोकांची तंबाखू सोडवायची. सुरुवात घरापासून, म्हणजे दादापासून. सख्खा थोरला भाऊ, पण गालात कायम तंबाखूची गोळी.

७ जून, दुपार
दादा दाढ दुखते म्हणून आला. दाढ राहू दिली, आधी झापला. सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले, मोठे करून. म्हणाला, लहानपणी तुझं नाक मी पुसायचो. आणि उठून गेला. मेसेज पोचला!

८ जून
वहिनीचा फोन. दादा काल माझ्याकडून उठला तो थेट ज्युनिअरकडे. शुद्ध फितुरी! तिने पाऊण तास बसवून घेतलं म्हणे. तेवढ्यात मी दोन दाढा काढतो.

१० जून
दादा परत तिच्याकडे. एक्स-रे बघताना माझा कान चुकून भिंतीला लागला. तिचा आवाजच नाही, नुसता दादा बोलतोय. हिला पगार कसला देतो मी?

१४ जून
ज्युनिअर आत आली. म्हणाली, सर, तुमच्या भावाच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. तुकडा तपासायला पाठवलाय. तुम्हाला सांगू नको म्हणत होते, आज हो म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक आहे मला.
ठाऊक नव्हतं. माझा टॉर्च मंद झालाय. नवा आणायचा.
जेवण गेलं नाही. कॉफी जास्त झाली असणार.

१९ जून
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत होतो. डोळ्यांत जंतुनाशक गेलं होतं.

११ जुलै
दादाची तंबाखू सुटली! फोटोंचा परिणाम जरा उशिरा होतो. तसं त्याला म्हटलंही. तो म्हणाला, छे रे, तिने विचारलं, दिवसातली कुठली चिमूट सोडणं सगळ्यात जड जाईल? मी तिला सांगितलं, दुपारची. घरी एकटाच असतो ना. आता त्या वेळेला तिला फोन करतो.
मी म्हटलं, मला करायचास.
म्हणाला, तू उचलतोस कुठे?
चेकअपसाठीच आला होता. मी माझ्या खोलीचं दार उघडून धरलं. तो माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेला, शेजारी.
रिसेप्शनिस्ट म्हणाली, सर, एसी चालू आहे, दार लावता का?