टाकीपासून दोन हात अलीकडे

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि गेल्या सोमवारपासून मला तुमच्याशी भांडायचंय. मी मेकॅनिकल इंजिनियर झाले. इमारतींतलं पाणी, एसी आणि आग विझवायच्या पाइपांची कामं करणाऱ्या कंपनीत लागून महिना झालाय. पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते हिंगोलीतल्या मुलींच्या जुन्या वसतिगृहाच्या तपासणीचं.

सोमवारी तिथं तिसऱ्या माळ्यावरचा आगीचा व्हॉल्व्ह फिरवला तर थेंब नाही. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "मॅडम, त्यो लाल नळ कोनी सोडलाच न्हाई कधी." पाइप धरत गच्चीवर गेले. टाकीपासून दोन हात अलीकडे तो संपला होता. तोंडाला प्लग. खाली एवढ्या पोरी राहतात आणि इतकी वर्षं हा नळ नुसता शोभेला! पान्यानं प्लग काढला आणि आट्यांवर हिरवा धागा दिसला. आईच्या लुगड्याच्या काठाचा.

जवळा बाजार गावातल्या आपल्या घरी चुलीपाशी बसून मी तुम्हाला पाइपांच्या आट्यांना गुंडाळायला तो धागा उसवून द्यायचे. "दुकानातला धागा सडून जातो, पोरी," म्हणायचात तुम्ही. जिल्ह्यात दुसरा कोणता प्लंबर लुगड्याचा धागा गुंडाळतो? एकदा मी प्रयोगवहीत न मोजताच आकडे भरले, तर तुम्ही वही हिसकावली होती. "न मोजता लिवलंस? काहून?" आता मी विचारते, काहून? ठेकेदार म्हणाला असंल, टाकीची जोडणी नंतर करू. तुम्ही एकदा तरी विचारलं का, नंतर म्हणजे कधी? का माहीत असून लाल रंग मारून घरी आलात, आणि त्या पैशांवर आम्ही जेवलो? माझं डोकं सुन्न झालंय बाबा. राग धरावा तर तुम्ही नाही, आणि रडू येत नाही.

आमच्या कंपनीचे साहेब वर येईस्तोवर मी तो धागा नखांनी खरवडून काढला. "कोणाचं काम हे?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही सर," म्हणाले. पाइप जोडलेला नव्हता हे अहवालात स्पष्ट लिहिलंय, परवा तो माझ्यासमोर टाकीला जोडून घेतला आणि तिन्ही माळ्यांवर पाणी सोडून बघितलं.

हे पत्र कुठं धाडणार? फाडून टाकीन. काल घरी गेले तर आई शेजारणीला सांगून राहिली होती, "बापाचा हात सच्चा व्हता, पोरीनं त्योच उचलला." माझ्याकडं बघितलं तिनं. मी व्हय म्हणाले.